दुसऱ्या अल्बमचा महजर

न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स विभागात वाढलेल्या कार्डी बी या रॅपर स्त्रीचा पहिला अल्बम ६ एप्रिल २०१८ रोजी निघाला, पुढच्या वर्षी त्याला सर्वोत्कृष्ट रॅप अल्बमचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले, आणि ते पारितोषिक एकट्या स्त्रीच्या नावावर जमा होण्याचा तो पहिलाच प्रसंग ठरला. दुसरा अल्बम मात्र १९ सप्टेंबर २०२५ रोजी, म्हणजे सात वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर श्रोत्यांच्या हाती पडला. एवढ्या प्रतीक्षेनंतर श्रोत्यांनी जी मते दिली त्यांत एकवाक्यता नव्हती. कोणाला तिची वाणी पूर्वीपेक्षा धारदार झालेली दिसली, कोणाला तेवीस गाण्यांचा पसारा अनावर वाटला, तर कोणी २०२० आणि २०२१ साली गाजून गेलेली दोन गाणी पुन्हा याच अल्बमच्या खात्यात का मांडली अशी हरकत घेतली. हा सारा गलबला आजचा असला, तरी रॅपर स्त्रीच्या दुसऱ्या अल्बमवर पंच बसवून फैसला करण्याची श्रोत्यांची वहिवाट चाळीस वर्षांच्या घरात जाणारी आहे, आणि तिचा इतिहास पाहिल्यावाचून आजच्या मतांचा अर्थ नीट लागत नाही.

दुसरा अल्बम ही कोणत्याही गायकाची कसोटी असते, हे सर्वश्रुत आहे. पहिल्या अल्बममध्ये शाळकरी वयापासून वहीत साठवलेली कवने असतात. दुसऱ्यासाठी कंपनीच्या करारनाम्यातील वर्षा-दीड वर्षाची मुदत असते, आणि पहिल्या वेळी दिलेली उचल वसूल करून घेण्याची घाईही असते. पुरुष रॅपर या कसोटीला उतरला नाही, तर श्रोते त्याच्या आळसाला, गर्वाला किंवा संगतीला दोष देतात; पण पहिला अल्बम त्याचाच होता याविषयी सहसा कोणी शंका घेत नाही. स्त्रीच्या बाबतीत मात्र दुसऱ्या अल्बमवर मत देताना श्रोते पहिल्याच्या मालकीची रुजुवातही करू लागतात. तिची कवने कोणा पुरुषाने लिहून दिली होती, ताल कोणी बसवला होता, कोणत्या टोळीच्या आश्रयाने ती उभी राहिली होती, आणि तो आश्रय सुटल्यावर तिच्यापाशी स्वतःचे असे काय उरले, हे प्रश्न दुसऱ्या अल्बमच्या दारात उभे असतात. माझ्या मते या सर्व इतिहासाचे मर्म येथे आहे.

ही शंका मुळात का उपजावी याचे नवल वाटते, कारण या कलेच्या जन्मापाशीच एक मुलगी उभी आहे. ११ ऑगस्ट १९७३ रोजी ब्रॉन्क्समधील १५२० सेजविक अॅव्हेन्यू या इमारतीत जो नाचाचा जलसा झाला आणि ज्याला हिप-हॉपचा आरंभ मानण्याचा प्रघात आहे, तो सिंडी कॅम्पबेल या मुलीने शाळा उघडण्यापूर्वी नव्या कपड्यांपुरते पैसे जमावेत म्हणून भरवला होता. तबकड्या फिरवणारा कूल हर्क हा तिचा भाऊ. हाताने लिहिलेल्या त्या निमंत्रणपत्रिकेवर प्रवेशमूल्य मुलींना २५ सेंट आणि मुलांना ५० सेंट असे नोंदलेले आहे. पुढे सहा वर्षांनी रॅपची पहिली मोठी लोकप्रिय तबकडी ज्या शुगर हिल कंपनीने काढली, ती चालवण्यात सिल्व्हिया रॉबिन्सन ही स्वतः गायिका असलेली बाई अग्रभागी होती, आणि त्याच १९७९ साली दक्षिण कॅरोलायनातील ‘द सीक्वेन्स’ या तीन मुलींच्या संचाची तबकडीही त्याच कंपनीकडून बाजारात आली. असे असूनही धंद्याचे दप्तर पुरुषांच्या नावाने लिहिले गेले.

स्त्रीच्या शब्दाला स्वतंत्र वजन आहे हे श्रोत्यांनी प्रथम मान्य केले ते १९८४ साली. क्वीन्सब्रिज या सरकारी वसाहतीत राहणारी रॉक्सन शांते ही चौदा वर्षांची मुलगी धुण्याचे कपडे घेऊन निघाली असता मार्ली मार्ल या शेजारच्या ध्वनिसंयोजकाच्या घरी थांबली आणि एका दमात कवन बोलून मोकळी झाली, असे तिनेच पुढे सांगितले आहे. ‘यूटीएफओ’ या संचाने रॉक्सन नावाच्या एका गर्विष्ठ मुलीची तक्रार करणारे गाणे काढले होते. शांतेने त्या काल्पनिक मुलीची कैफियत स्वतःच्या मुखाने मांडली. कलगीवाल्यांनी फडात सवाल टाकावा आणि तुरेवाल्यांनी तो तेथेच परतवावा, तसा हा प्रकार होता. फरक एवढाच की फड एका रात्रीत उठत नव्हता, तर आकाशवाणीच्या लहरींवर महिनोगणती चालू राहिला आणि प्रत्युत्तराच्या डझनावारी तबकड्या निघाल्या. डब्ल्यूबीएलएस केंद्रावर मिस्टर मॅजिक आणि ‘किस’ केंद्रावर कूल डीजे रेड अलर्ट हे रात्री रॅप ऐकवीत, मुले ती कॅसेटवर उतरवून घेत, आणि ती कॅसेट हातोहात फिरे. श्रोत्यांचे मत त्या काळी अशा कॅसेटवरून मोजावे लागे: कोणते गाणे पुन्हा पुन्हा उतरवले गेले आणि कोणत्यावर दुसरे उमटवले गेले, हाच दाखला.

परंतु त्याच शांतेला १९८५ सालच्या एका जाहीर स्पर्धेत अंतिम फेरीत हार पत्करावी लागली, आणि एका परीक्षकाने, मुलीच्या हाती विजेतेपद गेले तर या कलेला कोणी गांभीर्याने घेणार नाही अशा विचाराने, तिला मुद्दाम कमी गुण दिले होते, असे तिने नंतर सांगितले. तिचा पहिला अल्बम निघण्यास १९८९ साल उजाडावे लागले. दुसरा १९९२ साली निघाला तेव्हा जी पिढी तिच्या पहिल्या तबकडीवर नाचली होती ती पुढे सरकली होती, आणि त्या अल्बमविषयी भांडण्याइतकीही आस्था फारशा श्रोत्यांनी दाखवली नाही. प्रतिकूल मतापेक्षा ही उपेक्षा अधिक क्रूर होती असे मला वाटते. २०२५ साली ग्रॅमीच्या संस्थेने तिला जीवनगौरव दिला. तोवर तिच्या त्या पहिल्या तबकडीला चाळीस वर्षे होऊन गेली होती.

सॉल्ट-एन-पेपा या जोडीची कथा निराळी. शेरिल जेम्स आणि सँड्रा डेंटन या क्वीन्समधील सिअर्स कंपनीत नोकरीला असताना तेथेच काम करणाऱ्या हर्बी एझोर याने आपल्या शिक्षणक्रमातील एका प्रकल्पासाठी त्यांच्याकडून १९८५ साली तबकडी करवून घेतली. १९८६ चा पहिला अल्बम दहा लाखांचा पल्ला गाठणारा ठरला. १९८८ चा दुसरा निम्म्या पल्ल्यावर थांबला. श्रोत्यांचे म्हणणे असे की जुन्या लोकप्रिय गाण्यांची नवी रूपे आणि नाचाचा हलका मसाला यांतच तो अडकला आहे, व त्यात या दोघींचे मन कोठे दिसत नाही. आणि हे म्हणणे निराधार नव्हते, कारण शब्द आणि संयोजन यांची मुखत्यारी बव्हंशी एझोरच्याच हाती होती. येथे श्रोत्यांची ती जुनी शंका एका परीने खरी ठरली. पण तिचा परिणाम असा झाला की १९९० च्या तिसऱ्या अल्बममध्ये शेरिल जेम्सने स्वतः संयोजन हाती घेतले, आणि तिने घडवलेले ‘एक्स्प्रेशन’ हे गाणे रॅपच्या क्रमवारीत आठ आठवडे शिखरावर राहिले. दुसऱ्या अल्बमवरील नापसंतीने कोणाचे भले झाल्याची उदाहरणे थोडी आहेत. हे त्यांपैकी एक आहे.

ब्रुकलिनच्या एमसी लाइटकडे पाहिले म्हणजे मात्र मन प्रसन्न होते. १९८८ साली निघालेला तिचा पहिला अल्बम हा एकट्या रॅपर स्त्रीचा पहिला पूर्ण अल्बम म्हणून नोंदला गेला आहे, आणि वर्षभरातच, १९८९ च्या सप्टेंबरात, दुसरा अल्बम श्रोत्यांपुढे आला. एवढ्या अल्प मुदतीत लिहिलेल्या कवनांत दम उरणार नाही अशी भीती असताना ‘चा चा चा’ हे त्यातील गाणे रॅपच्या क्रमवारीत पहिल्या स्थानी जाऊन बसले. पण अल्बमचे खरे सामर्थ्य मला ‘कॅपुचिनो’ या गाण्यात दिसते: मॅनहॅटनच्या एका उपाहारगृहात कॉफीपुरती थांबलेली मुलगी अमली पदार्थांच्या व्यवहारात सुटलेल्या गोळ्यांच्या मध्ये सापडते, आणि मरणाच्या उंबरठ्यावर आपण येथे का थांबलो याचा विचार करते. लाइटचा तो ठेंगणा, खरखरीत, कोठेही न चढणारा आवाज या प्रसंगाला शोकाचा स्पर्शही होऊ देत नाही, म्हणून तो अधिक लागतो. ज्यांनी पहिला अल्बम डोक्यावर घेतला होता त्यांच्यातील अनेकांनी दुसरा त्याच्या तोलाचा, क्वचित वरचढही मानला. आणि हा आवाज, ही कथनशैली कोणा दुसऱ्याची उसनी असेल अशी शंका त्यानंतर कोणी मनापासून घेतली नाही.

क्वीन लतिफाला हे भाग्य लाभले नाही. १९८९ च्या पहिल्या अल्बममध्ये ती राणीच्या थाटात उभी होती. १९९१ च्या दुसऱ्यात ती गाऊ लागली, सुरांत रमली, आणि रॅपच्या कट्टर श्रोत्यांनी ही नरमाई मानून नाक मुरडले. खप घटला, कंपनीने करार पुढे चालवला नाही. पुढे दुसऱ्या कंपनीकडून १९९३ साली आलेल्या अल्बममधील ‘युनिटी’ या स्त्रियांच्या अवहेलनेविरुद्धच्या गाण्याने तिला ग्रॅमी मिळवून दिले, आणि आणखी काही वर्षांनी तिने गायिका म्हणूनच स्वतंत्र अल्बम काढले तेव्हा तेच सूर लोकांनी वाखाणले. १९९१ च्या श्रोत्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांनी राणीकडे हुकूम मागितला होता आणि तिने त्यांना गाणे ऐकवले.

त्याच १९९१ साली मतमोजणीचे यंत्रच बदलले. तोपर्यंत ‘बिलबोर्ड’ साप्ताहिक दुकानदारांना दूरध्वनी करून काय खपते आहे ते विचारीत असे, आणि कारकुनाच्या आवडीनिवडीचा त्या खतावणीत मोठा वाटा असे. २५ मे १९९१ पासून दुकानातील रेघांच्या खुणा वाचणाऱ्या यंत्राचे आकडे धरले जाऊ लागले. रॅपचा खप कागदावर दिसू लागला हा त्याचा लाभ. पहिल्या आठवड्याच्या आकड्याला निकालाचे महत्त्व आले हा तोटा. १९९९ च्या आरंभी फॉक्सी ब्राउनचा दुसरा अल्बम सर्व प्रकारच्या अल्बमांच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर अवतरला आणि तितक्याच झपाट्याने खाली घसरला: जुन्या विश्वासावर पहिल्या दिवशी गर्दी झाली, आणि ऐकल्यावर ती पांगली. लिल किमचा दुसरा अल्बम २००० च्या जूनमध्ये आला तेव्हा तिचा गुरू आणि आश्रयदाता नॉटोरियस बी.आय.जी. याच्या हत्येला तीन वर्षे झाली होती, आणि श्रोत्यांच्या तोंडी एकच विचारणा होती, की त्याच्यामागे ही काय बोलणार. अल्बम चौथ्या क्रमांकावर उतरला, दहा लाखांचा पल्लाही त्याने गाठला, तरी विचारणा थांबली नाही. रॅपच्या पंथात प्रमाणग्रंथासारख्या मानल्या जाणाऱ्या ‘द सोर्स’ मासिकाची पूर्ण पाच मायक्रोफोनांची पसंती एखाद्या रॅपर स्त्रीला प्रथम मिळाली ती २००५ साली, याच लिल किमला, तिच्या चौथ्या अल्बमसाठी.

या मालिकेत आपल्या देशाशी खरा धागा जुळतो तो एम.आय.ए. या लंडनच्या तमिळ रॅपरच्या ‘काला’ या दुसऱ्या अल्बममुळे. पहिल्याला वडिलांचे नाव दिले होते, दुसऱ्याला आईचे. अमेरिकेचा परवाना न मिळाल्याने तिला तेथे बसून काम करता आले नाही. म्हणून ती चेन्नईसह अनेक ठिकाणी फिरली, तमिळ ढोलवादकांचा ठेका तिने मुद्रित केला, आणि मिथुन चक्रवर्तीच्या ‘डिस्को डान्सर’ मधील बप्पी लाहिरींचे ‘जिमी’ हे मुंबईचे गाणे पुन्हा गाऊन त्यात घातले. ऑगस्ट २००७ मध्ये तो अल्बम निघाला तेव्हा समीक्षकांनी पसंती दिली, पण सर्वसामान्य अमेरिकी श्रोत्यांपर्यंत त्यातील ‘पेपर प्लेन्स’ हे गाणे पोहोचण्यास पुढचे वर्ष उजाडावे लागले, आणि त्याच वर्षी मुंबईच्या झोपडवस्तीवरील ‘स्लमडॉग मिलियनेअर’ चित्रपटातून ते पुन्हा कानी पडले. पहिल्या आठवड्याच्या आकड्याने या अल्बमविषयी जे सांगितले होते ते अगदीच अपुरे होते.

परंतु या विषयातील सर्वांत गुंतागुंतीचा खटला लॉरिन हिलचा आहे, आणि त्याला थोडा विस्तार दिला पाहिजे. तिच्या वाट्याला दुसरा अल्बम दोनदा आला. ‘फ्यूजीज’ या त्रिकुटाचा १९९४ चा पहिला अल्बम पडला, तेव्हा ऐकणाऱ्यांतील पुष्कळांनी असा सल्ला दिला की या मुलीने दोघा पुरुषांना सोडून एकटीने पुढे जावे; मग न्यू जर्सीतील एका घराच्या तळघरात बसून तिघांनी घडवलेला १९९६ चा दुसरा अल्बम जगभर गाजला आणि त्याने सर्वोत्कृष्ट रॅप अल्बमचे ग्रॅमी मिळवले. नंतर ती खरोखरच एकटी झाली. २५ ऑगस्ट १९९८ रोजी निघालेल्या तिच्या स्वतःच्या पहिल्या अल्बमच्या चार लाख बावीस हजारांहून अधिक प्रती पहिल्याच आठवड्यात खपल्या, आणि २४ फेब्रुवारी १९९९ च्या रात्री तिने पाच ग्रॅमी पारितोषिके घेतली, ज्यांत वर्षातील सर्वोत्कृष्ट अल्बमचेही होते. हिप-हॉपच्या वाट्याला तो मान तोवर आला नव्हता.

अल्बमच्या वेष्टनावर लेखन, संयोजन आणि गायन यांचे श्रेय मुख्यतः तिच्याच नावे नोंदले होते. तिच्यासोबत काम केलेल्या चौघा संगीतकारांनी नोव्हेंबर १९९८ मध्ये फिर्याद दाखल केली, की गाण्यांच्या घडणीत आमचा जो हिस्सा आहे त्याची नोंद झालेली नाही. २००१ च्या आरंभी ते प्रकरण न्यायालयाबाहेर मिटले, अटी गुप्त राहिल्या. स्त्रीच्या अल्बमच्या मालकीविषयी श्रोते ज्या शंका आपापसांत बोलत आले होते त्यांना येथे प्रथमच सरकारी मुद्रांकाचा कागद मिळाला होता. मिटवामिटवीने कोणाची बाजू खरी हे ठरत नाही, आणि मीही ते ठरवू इच्छीत नाही. पण यानंतर तिचा जो दुसरा अल्बम येईल त्याकडे लोक कोणत्या डोळ्यांनी पाहणार हे ठरून गेले होते.

२१ जुलै २००१ रोजी न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधील एमटीव्हीच्या कलागारात निमंत्रित श्रोत्यांपुढे ती बसली. हातात एक गिटार, सोबत कोणी नाही. पहिल्या अल्बममधील एकही गाणे तिने घेतले नाही. घसा बसलेला होता आणि तिने ते लपवले नाही. गिटारचे तेच दोन-चार स्वरगुच्छ पुन्हा पुन्हा येत होते. दोन गाण्यांच्या मध्ये ती कीर्ती, भीती, धर्म आणि आपण पूर्वी घेतलेली सोंगे यांविषयी बराच वेळ बोलत राहिली, आणि ‘आय गॉटा फाइंड पीस ऑफ माइंड’ हे गाणे संपण्यापूर्वी तिला रडू फुटले. मे २००२ मध्ये हे सारे, भाषणांसकट, दोन तबकड्यांत प्रसिद्ध झाले आणि यादीत तिसऱ्या स्थानी उतरले.

श्रोत्यांचे दोन तट पडले. एका तटाचे म्हणणे असे की ही अपुरी टिपणे आहेत, यांना ताल नाही, संयोजन नाही, वाद्यवृंद नाही. जिने चार वर्षांपूर्वी एवढे सुघटित शिल्प उभे केले तिने दगडांचा ढीग आणून टाकला आहे, आणि यावरून ते शिल्प इतरांच्या हातचे होते हेच सिद्ध होते. दुसऱ्या तटाला याच अनघडपणात सत्य दिसले: एका स्त्रीने यशाच्या ऐन भरात आपली झूल उतरवून ठेवली आणि घोगऱ्या आवाजानिशी लोकांसमोर बसली, याहून मोठे धैर्य कोणते, असे ते विचारीत. पहिल्या तटाच्या कानांना मी खोटे म्हणणार नाही. आवाज खरेच बसलेला आहे, आणि काही गाणी संपायला हवीत तेथे संपत नाहीत. परंतु त्यांचे अनुमान मला मान्य नाही. ज्या अल्बममध्ये दुसरा माणूसच नाही त्याच्या मालकीविषयी वाद उपस्थित होऊ शकत नाही, आणि माझा समज असा आहे की फिर्यादीनंतरच्या लॉरिन हिलला, जाणून वा नकळत, हीच निर्विवाद मालकी हवी होती. सहकाऱ्यांशिवाय तिने एवढे तरी उभे केले. पण श्रोत्यांनी तिच्या एकटेपणाचाही पुरावा तिच्याच विरुद्ध वापरला.

पुढे कारागिरांनी आपले मत नोंदवले. त्या अल्बममधील ‘मिस्टरी ऑफ इनिक्विटी’ हे केवळ गिटारीच्या ठेक्यावर बोललेले गाणे २००३ साली रॅपर स्त्रियांच्या एकल सादरीकरणाच्या ग्रॅमीसाठी विचारात घेतले गेले. ते पारितोषिक मिसी एलियटला मिळाले, आणि दोनच वर्षे देऊन तो स्वतंत्र वर्ग बंदही करण्यात आला. कान्ये वेस्टने २००४ च्या आपल्या पहिल्या अल्बममध्ये त्याच गाण्याची एक ओळ घेतली. मूळ मुद्रण वापरण्याची परवानगी न मिळाल्याने ती सिलीना जॉन्सनकडून पुन्हा गाऊन घ्यावी लागली, आणि ‘ऑल फॉल्स डाउन’ या नावाने ते गाणे घरोघरी पोहोचले. २०१८ साली एसॅप रॉकीने त्या रडण्याने संपणाऱ्या गाण्याचा तुकडा आपल्या अल्बमच्या समाप्तीसाठी योजला. दरम्यान पहिला अल्बम अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ध्वनिमुद्रण-नोंदवहीत दाखल झाला, त्याच्या प्रतींची अधिकृत गणना एक कोटीवर गेली, आणि कलागारात बसून घडवलेला दुसरा अल्बम तिने आजतागायत काढलेला नाही. म्हणून २००२ च्या त्या मुद्रणाला दुसरा अल्बम म्हणावे की पहिल्यानंतरचे परिशिष्ट, यावर श्रोत्यांत अजूनही वाद होतो. मी त्याला दुसरा अल्बमच मानतो, आणि ज्याला शंका असेल त्याने ‘मिस्टरी ऑफ इनिक्विटी’ पुन्हा ऐकावे. त्यात न्यायाधीश, वकील, पंच आणि साक्षीदार यांनी भरलेले एक अख्खे न्यायालय ती एकटी उभे करते आणि एकटीच त्याची उलटतपासणी घेते, तेही अशा गतीने की हातातली गिटार मागे पडते आणि शब्द पुढे निघून जातात.